गोळीला न जुमानणाऱ्या पेशी

आपल्या न्यासाच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणाऱ्या अर्जांत कर्करोगाचे अर्ज नेहमीच असतात, आणि ते वाचताना दोन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिला प्रश्न रोग्याच्या आप्तांचा : ‘औषधाने पहिल्याने एवढा गुण आला, मग तेच औषध आता लागू का पडेना?’ दुसरा प्रश्न पैसे देणाऱ्यांचा. सभेत तो कोणी ना कोणी विचारतोच : ‘रोग्याला औषध द्या, खाट द्या, हे समजते, पण सरकारे प्रयोगशाळांवर कोट्यवधी रुपये घालतात, त्या उंदरांतून आणि काचनळ्यांतून रोग्याच्या पदरात काय पडते?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे एकाच रोगाच्या इतिहासात सापडतात, म्हणून सबंध कर्करोगशास्त्राचा पसारा न मांडता तो एकच रोग येथे विचारासाठी घेतला आहे.

हा रोग म्हणजे रक्तकर्काचा एक प्रकार. वैद्यकात त्यास क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया म्हणतात. आपण सोयीसाठी त्यास जुनाट रक्तकर्क म्हणू. हाडांच्या पोकळीत जो मऊ गर असतो त्या अस्थिमज्जेत आपल्या रक्तपेशी तयार होतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरात चार ते अकरा हजार श्वेतपेशी असतात. या रोगात ती संख्या लाखावर जाते. रोगी लवकर थकतो, रात्री घामाने भिजतो, वजन उतरते, आणि डाव्या बरगडीखाली पानथरी वाढून पोट जड लागते. पाश्चात्य देशांत हा बहुधा उतारवयाचा रोग. आपल्याकडे मात्र चाळिशीच्या आतबाहेरची, घर चालवणारी माणसे त्यात सापडतात.

१८४५ साली एडिंबरोत बेनेट आणि बर्लिनमध्ये फिर्खो यांनी हा रोग प्रथम नोंदला. त्यानंतर शंभर वर्षे वैद्यांच्या हाती काय होते? एकोणिसाव्या शतकात सोमलाचा अर्क थेंब मोजून देत. पुढे क्ष-किरण आले, १९५० नंतर बुसल्फान नावाची गोळी आली. तिने श्वेतपेशींची संख्या उतरे, पानथरी ओसरे, रोगी पुन्हा कामाला लागे. पण तीन ते पाच वर्षांनी रोग एकाएकी उग्र रूप धारण करी आणि काही महिन्यांतच सारे आटोपे. रोग दडपला जाई, मुळातून जात नसे. जाणार तरी कसा? मूळ कोठे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते.

मुळाचा पहिला माग लागला तो अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी, आणि तोही काहीसा अपघातानेच. पेशीच्या केंद्रात गुणसूत्रे असतात, त्यांवर आनुवंशिक मजकूर लिहिलेला असतो, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होते. पण माणसाच्या पेशीत ती नक्की ४६ असतात ही साधी गोष्ट १९५६ सालापर्यंत निश्चित नव्हती. त्याच सुमारास पीटर नोवेल हा तरुण विकृतिशास्त्रज्ञ नौदलातील सेवा संपवून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आला. रक्तकर्काच्या पेशी काचपट्टीवर पाहताना त्याने पट्टी साध्या नळाच्या पाण्याखाली धुतली. पाण्याने पेशी फुगल्या आणि एरवी गुंतवळासारखी दिसणारी गुणसूत्रे सुटी सुटी पसरली. नोवेलला गुणसूत्रांचे विशेष ज्ञान नव्हते. त्याने शहरातल्याच दुसऱ्या एका संशोधनसंस्थेतील डेव्हिड हंगरफर्ड या विद्यार्थ्यास जोडीला घेतले. हंगरफर्डने सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तो जुनाट रक्तकर्काच्या रोग्यांत एक लहानसे गुणसूत्र नेहमीपेक्षाही आखूड दिसले. १९६० साली दोघांनी ते अगदी थोडक्या ओळींत प्रसिद्ध केले. त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र असे नाव पडले.

जाता जाता एक मौजेची गोष्ट. गुणसूत्रे नीट दिसतात ती पेशी विभागत असताना, आणि रक्तातील श्वेतपेशी प्रयोगशाळेत सहसा विभागत नाहीत. तांबड्या पेशी गोठवून बाजूस काढण्यासाठी त्या काळी राजम्याचा अर्क वापरीत. नोवेलच्या ध्यानात आले की, या अर्कानेच श्वेतपेशी विभागू लागतात. पुढे जगभर मानवी गुणसूत्रांचा अभ्यास सुकर झाला तो या स्वयंपाकघरातल्या कडधान्यामुळे.

आता प्रश्न असा की, त्या आखूड गुणसूत्राचा तुटलेला तुकडा गेला कोठे? बहुतेकांना वाटे, तो हरवला. याचे उत्तर मिळण्यास तेरा वर्षे लागली. शिकागो विद्यापीठात जॅनेट राउली ही डॉक्टर मुले लहान म्हणून अर्धवेळ काम करी. ती ज्या रुग्णालयाशी संलग्न संस्थेत होती तिचा खर्च अमेरिकेचे अणुशक्ती मंडळ चालवी. किरणोत्सर्गाचा रक्तावर काय परिणाम होतो याची सरकारला चिंता होती, म्हणून हा पैसा. गुणसूत्रांवर पट्टे उमटवण्याची नवी रंगरीत तिने आत्मसात केली, छायाचित्रे घरी नेली आणि जेवणाच्या टेबलावर कात्रीने एकेक गुणसूत्र कापून जुळवू लागली. आई कागदी बाहुल्यांशी खेळते म्हणून मुले तिची थट्टा करीत. १९७३ साली तिने दाखवून दिले की, २२ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही. तो ९ क्रमांकाच्या गुणसूत्राला जाऊन चिकटला आहे आणि ९ चा एक तुकडा २२ ला जडला आहे. दोन पोथ्यांची काही पाने सुटून एकमेकींत शिवली जावीत तसा हा प्रकार होता.

पाने बदलली, पण त्यांवरचा कोणता मजकूर एकत्र आला म्हणून रोग झाला? हे कळण्यासाठी आपल्याला क्षणभर माणसाला सोडून कोंबडीकडे वळले पाहिजे, कारण शास्त्रही त्याच वाटेने गेले.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस याने १९११ साली दाखवले की, कोंबडीच्या एका गाठीतील अर्क, पेशी पूर्णपणे गाळून काढल्यावरही, दुसऱ्या कोंबडीत तशीच गाठ उत्पन्न करतो. म्हणजे तेथे विषाणू होता. लोकांनी विशेष लक्ष दिले नाही. राउसला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये, पंचावन्न वर्षांनी! १९७६ साली कॅलिफोर्नियात मायकेल बिशप, हॅरल्ड व्हार्मस आणि त्यांचे सहकारी यांनी या विषाणूतील कर्कजनक जनुक तपासले, तो ते निरोगी पक्ष्यांच्या पेशींतही आढळले. विषाणूने ते आपल्या पूर्वीच्या यजमानाकडून उचलले होते. याचा अर्थ फार मोठा होता. कर्करोगाचे बीज बाहेरून आलेच पाहिजे असे नाही. पेशीच्या रोजच्या वाढीचा कारभार पाहणारी जी जनुके आहेत, त्यांतच बिघाड झाला की तीच घातक होतात. या कामाला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा, म्हणजे तेथील करदात्यांचा, आधार होता; १९८९ चे नोबेल त्यालाच मिळाले.

कोंबडीसारखाच उंदराचाही एक विषाणू होता. तो १९७० मध्ये हर्बर्ट एबलसन आणि लुईस रॅबस्टीन यांनी त्याच सरकारी संस्थांच्या प्रयोगशाळेत शोधला. त्यातील जनुकाला ‘एबीएल’ म्हणतात. उंदरांच्या एका दुर्मिळ रोगाचा विषाणू. याचा माणसाशी काय संबंध, असे कोणीही म्हटले असते. पण १९८० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकन व डच संशोधकांनी माणसातील एबीएल जनुक शोधले, ते ९ क्रमांकाच्या गुणसूत्रावर, राउलीने दाखवलेल्या तुटीच्या ठिकाणी सापडले. जुनाट रक्तकर्कात ते उठून २२ वर जाते आणि तेथल्या ‘बीसीआर’ नावाच्या भागाला जोडले जाते. फिलाडेल्फिया आणि कोंबडी-उंदीर या दोन वाटा येथे मिळाल्या.

एबीएल जे प्रथिन बनवते त्याचे काम निरोप पोचवण्याचे. ते पेशीतील इंधनकणापासून फॉस्फेटचा एक गट घेते आणि दुसऱ्या प्रथिनावर शिक्क्यासारखा उमटवते. शिक्का उमटला की पुढच्याला ‘वाढ, विभाग’ असा हुकूम पोचतो. निरोगी पेशीत हा कारकून वरिष्ठांची सही असल्याखेरीज शिक्का मारीत नाही. बीसीआरशी जोडला गेलेला कारकून मात्र रात्रंदिवस शिक्के मारीत सुटतो. १९९० मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत हे जोडजनुक उंदरांच्या मज्जेत घातले, तेव्हा उंदरांना तसाच रक्तकर्क झाला. मूळ सापडले. नळाच्या पाण्यापासून येथवर तीस वर्षे गेली होती.

या तीस-चाळीस वर्षांत आपल्या देशात काय चालले होते, हेही सांगितले पाहिजे. विशेषतः धर्मादाय संस्थेच्या स्मरणिकेत. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्तकर्कानेच वारल्या. पतीने त्यांच्या नावे १९३२ मध्ये जो न्यास केला तो रक्तकर्काच्या संशोधनाला आजही पैसे देतो, आणि ते देताना देशाची सीमा पाहत नाही. दोराबजींच्या नावाच्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. धोतर कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने तेथल्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाचे त्यांनी केलेले वर्णन वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. १९५२ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापले. १९५७ मध्ये रुग्णालय सरकारकडे गेले, १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. न्यासाने लावलेले झाड सरकारने वाढवले, असे झाले.

पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे या खानोलकरांच्या शिष्या. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी शरीराबाहेर जगवण्याची विद्या शिकून त्या परत आल्या, आणि परळच्या केंद्रात भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभारली. उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगात विषाणू, आनुवंशिकता आणि अंतःस्राव यांचा संबंध त्या शोधीत होत्या. म्हणजे अमेरिकेत ज्या वाटेने एबीएल सापडले, तशाच एका वाटेवर येथेही पावले पडत होती. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालक होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आपल्या मुलींना ही माहिती सांगावी, असे मला राहून राहून वाटते.

असो. मूळ सापडल्यावर औषधाची गोष्ट तुलनेने लवकर घडली. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन व त्यांचे सहकारी शिक्के मारणाऱ्या प्रथिनांना अडवणारी द्रव्ये बनवीत होते. ब्रायन ड्रुकर या अमेरिकन डॉक्टराला ती जुनाट रक्तकर्कावर तपासायची होती. त्यातले एक द्रव्य त्याने रोगपेशींत घातले. त्या मेल्या आणि निरोगी पेशी बहुतांशी शाबूत राहिल्या. तेच इमॅटिनिब. कंपनीचा उत्साह बेताचा होता, कारण या रोगाचे रोगी थोडे, म्हणजे गिऱ्हाईक थोडे. जून १९९८ मध्ये ओरेगॉन व अन्य ठिकाणी रोग्यांवर पहिली चाचणी सुरू झाली. जुन्या औषधाने ज्यांना गुण आला नव्हता असे हे रोगी. त्यांपैकी ३०० मिलिग्रॅम वा अधिक मात्रा मिळालेल्या ५४ जणांत ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. औषध पुरेसे बनवा म्हणून रोग्यांनी हजारो सह्यांचे निवेदन कंपनीकडे धाडले. मे २००१ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. पुढे ११०६ रोग्यांच्या मोठ्या चाचणीत, ज्यांना आरंभापासून ही गोळी दिली त्यांतील ८३ टक्क्यांहून अधिक लोक दहा वर्षांनीही जिवंत होते. ज्या रोगात पूर्वी तीन-पाच वर्षे मोजीत, त्याचे हे आकडे आहेत.

येथे गोष्ट संपली असती तर पहिला प्रश्न उरलाच नसता. पण ज्यांचा रोग उग्र अवस्थेत पोचला होता, त्यांच्या बाबतीत वेगळेच घडले. गोळीने त्यांनाही गुण आला, आणि काही महिन्यांतच रोग उलटला.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स सॉयर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोग्यांच्या पेशी तपासल्या. दोन शक्यता होत्या. पेशींनी वाढीसाठी दुसराच मार्ग काढला असेल, म्हणजे बीसीआर-एबीएलची त्यांना गरज उरली नसेल. किंवा तेच प्रथिन असेल, पण गोळी त्याला लागत नसेल. पाहिले तो दुसरी गोष्ट खरी ठरली. शिक्के मारणारा कारकून पुन्हा कामावर हजर होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधात, ज्या नऊ रोग्यांचा जनुकातला मजकूर वाचला, त्यांतल्या सहांमध्ये अगदी एकाच जागी एक अक्षर बदललेले होते. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत ३१५ व्या ठिकाणी थ्रिओनिनच्या जागी आयसोल्युसिन आले होते. गोळीचा रेणू त्या प्रथिनाच्या खोबणीत कुलपात किल्ली बसावी तसा बसतो, आणि थ्रिओनिन त्याला हात देऊन धरून ठेवतो. आयसोल्युसिन अंगाने जाड आणि हात न देणारा. किल्ली आत शिरेना; पण इंधनकण मात्र पूर्वीसारखाच शिरे, म्हणून रोगाचे काम बिनधोक चाले. आणखी तीन रोग्यांत वेगळी युक्ती दिसली : तेच जनुक पेशीने अनेक प्रतींत वाढवले होते. एका कारकुनाला अडवायला जेवढी माणसे लागतात तेवढीच पाठवली आणि कारकून मात्र दहा झाले, तर जे होईल तेच.

सर्वसाधारण समजूत अशी की, औषध घेऊन घेऊन पेशींना त्याची ‘सवय’ होते. व्यसनी माणसाला दारूची सवय होते तसे काहीसे चित्र आपल्या मनात असते. ते चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचा पुरावा जंतूंवरच्या प्रयोगात १९४३ सालीच मिळाला होता. लूरिया व डेलब्र्यूक यांनी दाखवले होते की, विषाणूला दाद न देणारे जंतू विषाणूशी गाठ पडण्याच्या आधीपासूनच वसाहतीत असतात. विषाणू फक्त बाकीच्यांना मारून त्यांना मैदान मोकळे करून देतो. कर्करोगाच्या बाबतीत हाच विचार १९७६ मध्ये एका निबंधात स्पष्ट मांडला गेला. गाठीतील पेशी एकाच पूर्वजाच्या असल्या तरी वाढता वाढता त्यांत भेद पडतात, आणि ज्या परिस्थितीत ज्या टिकतात त्यांचा वंश पुढे चालतो, असे त्याचे म्हणणे. निबंधाचा लेखक कोण? तोच, नळाच्या पाण्याने काचपट्टी धुणारा पीटर नोवेल.

ढोबळ हिशेब करून पाहा. जुनाट रक्तकर्काच्या रोग्याच्या अंगात निदानाच्या वेळी सुमारे एक लाख कोटी रोगपेशी असू शकतात. पेशी विभागताना तीनशे कोटी अक्षरांची नक्कल होते; चुका दुरुस्त झाल्यावरही एखाद्या ठरावीक अक्षरात चूक राहण्याचा संभव शंभर कोटींत एक मानला, तर रोग्याने पहिली गोळी घेण्याआधीच ती नेमकी चूक असलेल्या हजारभर पेशी त्याच्या अंगात असायच्या. प्रत्यक्षात त्यांतल्या पुष्कळ अल्पायुषी असतात, म्हणून आरंभीच्या अवस्थेतील बहुतेकांना ही गोळी वर्षानुवर्षे पुरते. रोग उग्र झाला की चुका वेगाने साचतात, आणि संकट येते. काही रोग्यांच्या औषधापूर्वी राखून ठेवलेल्या रक्तातही ही बदललेली पेशी नंतर खरोखरच सापडली. गोळी तिला जन्म देत नाही. गोळी तिच्या शेजाऱ्यांना नाहीसे करते.

आपल्या वडील पिढीला हे क्षयरोगावरून समजण्यासारखे आहे. स्ट्रेप्टोमायसीन एकटेच दिले तेव्हा रोगी आधी सुधारले आणि मग जंतू त्याला जुमानेनासे झाले. दुसरे औषध जोडीला दिले तेव्हा तो उपद्रव पुष्कळ कमी झाला.

बदल नेमका कळल्यामुळे पुढची औषधे अंधारात चाचपडत शोधावी लागली नाहीत. जॉन कुरियन यांच्या प्रयोगशाळेने २००० सालीच दाखवले होते की, इमॅटिनिब प्रथिनाला त्याच्या मिटलेल्या स्थितीतच धरते. मग उघड्या स्थितीतही धरणारे डॅसॅटिनिब २००६ मध्ये आणि अधिक घट्ट बसणारे निलोटिनिब २००७ मध्ये आले. इतर अनेक बदलांवर ही चालली, ३१५ व्या जागेवर मात्र दोन्ही हरली. त्या जाड आयसोल्युसिनला वळसा घालून जाणारे पोनॅटिनिब २०१२ मध्ये मान्य झाले. त्याने रक्तवाहिन्या तुंबण्याचा धोका असल्याचे दिसून २०१३ मध्ये अमेरिकेत त्याची विक्री काही काळ थांबली आणि मग कडक सूचनांसह सुरू झाली. २०२१ मध्ये आलेले असिमिनिब तर त्या खोबणीकडे जातच नाही. प्रथिनाच्या दुसऱ्या बाजूला बसून त्याला मिटवते. फुप्फुसाच्या एका कर्करोगातही २००५ साली अगदी अशाच मोक्याच्या जागी बदल सापडला आणि त्यावर वेगळी गोळी करावी लागली. ती कथा स्वतंत्र लेखाची आहे.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. औषध कंपनीने केले, हे खरे, आणि बाझेलच्या रसायनशास्त्रज्ञांचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. पण कोणाला अडवायचे हे कळायला जी तीस वर्षे लागली त्यांचा खर्च कोणतीही कंपनी करणार नव्हती. उंदराच्या विषाणूत नफा कसला? तो खर्च मुख्यतः सरकारी तिजोरीने आणि काही अंशी धर्मादाय संस्थांनी केला. ड्रुकरच्या पाठीशीही देणग्यांवर चालणारी एक ल्युकेमिया संस्था होती. हे एकाच औषधाचे नशीब, असेही नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, २०१० ते २०१६ या काळात अमेरिकेत मान्य झालेल्या २१० नव्या औषधांपैकी प्रत्येकाशी निगडित संशोधनात राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा पैसा कोठे ना कोठे लागलेला होता.

मग जनतेच्या पैशातून निघालेले ज्ञान जनतेला कोणत्या भावाने विकायचे? अमेरिकेत या गोळीची वर्षाची किंमत २००१ मधील सुमारे ३० हजार डॉलरांवरून २०१२ पर्यंत सुमारे ९२ हजारांवर गेली. २०१३ मध्ये या रोगाच्या शंभराहून अधिक तज्ज्ञांनी अशा किमतींविरुद्ध जाहीर लेख लिहिला. आपल्याकडे नोव्हार्टिस कंपनीने या द्रव्याच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी एकस्व मागितले होते. ते २००६ मध्ये नाकारले गेले आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम केला. कंपनीच्या गोळीला महिन्याला सुमारे सव्वा लाख रुपये पडत, देशी गोळीला आठ-दहा हजार. आमच्यासारख्या लहान निधीच्या दृष्टीने या फरकाचा अर्थ असा की, एका रोग्याच्या पैशात बारा रोग्यांना औषध मिळते.

परंतु गोळी स्वस्त झाली म्हणून ती पोटात जातेच असे नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ८७ रोग्यांच्या औषधाच्या बाटल्यांना, झाकण कधी उघडले याची नोंद ठेवणारे एक सूक्ष्म यंत्र बसवले आणि तीन महिने पाहिले. २०१० मध्ये निष्कर्ष छापले गेले. नव्वद टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांत रोगाचा अंश सहा वर्षांत अत्यल्प पातळीवर येण्याचा संभव ९४.५ टक्के होता. नव्वद वा त्याहून कमी घेणाऱ्यांत तो २८.४ टक्के होता. महिन्यात तीन गोळ्या चुकल्या की माणूस दुसऱ्या गटाच्या उंबरठ्यावर येतो. काही वेळा विसरून, तर काही वेळा जाणूनबुजून गोळ्या चुकत होत्या. प्रवास, मळमळ, सणवार, विसर, अशीच कारणे. आपल्याकडे आणखी एक भर पडते : रक्ताचा अहवाल चांगला आला की घरातलेच कोणी म्हणते, ‘आता कशाला रोज ते विष?’ शिवाय लग्नाच्या मुलीला वा मुलाला रोग असेल तर डबी लपवून ठेवतात आणि पाहुण्यांसमोर गोळी चुकते. अर्जांच्या निमित्ताने घरोघरी जाणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी औषधाच्या पावतीबरोबर शिल्लक गोळ्याही मोजाव्या, अशी माझी सूचना आहे. तसेच रक्तातील बीसीआर-एबीएलचे प्रमाण मोजणारी तपासणी आरंभी दर तीन महिन्यांनी करावी लागते. तिचा खर्च साहाय्यातून वगळणे ही खोटी काटकसर होय, कारण गोळी निकामी होत असल्याची पहिली खूण तेथेच दिसते. पानथरी हाताला लागेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो.

गोळी जन्मभर घ्यावी लागेल काय, असे सगळेच विचारतात. फ्रान्समध्ये, ज्यांच्या रक्तात दोन वर्षे रोगाचा मागमूसही सापडला नव्हता अशा शंभर रोग्यांची गोळी डॉक्टरांच्या कडक देखरेखीखाली थांबवून पाहिली. सुमारे चाळीस टक्के लोकांत रोग परतला नाही. उरलेल्यांत तो परतला, बहुतेकांत पहिल्या सहा-सात महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा सुरू करताच आटोक्यात आला. हे आपल्या मनाने करून पाहण्यासारखे मुळीच नाही. त्या रोग्यांचे रक्त प्रथम दर महिन्याला तपासले जात होते.

रोग परततो तो कोठून, याचे उत्तर अजून अर्धेच हाती आहे. अस्थिमज्जेच्या कोपऱ्यात काही मूळपेशी निजलेल्या असतात. त्यांच्यात फिलाडेल्फिया गुणसूत्र असते, बीसीआर-एबीएलही असते आणि गोळी त्याला अडवतेही. पण २०११ मध्ये ड्रुकर व त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसून आले की, या पेशी जगण्यासाठी त्या प्रथिनावर अवलंबूनच नाहीत. कारकून बडतर्फ झाला तरी त्यांचे घर चालते. त्या कशावर जगतात, चाळीस टक्के लोकांत त्या पुन्हा का जाग्या होत नाहीत, आणि उरलेल्यांत त्यांना जागे कोण करते, हे आज निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांत शोधले जात आहे. पुन्हा उंदरांत, पुन्हा काचनळ्यांत.